बरणीचा तळ

माझ्या हातची पट्टी सुटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नम्रता नंतर कधीतरी पाहू. कुत्रं ओढून ओढून दमेल, मांजर चाटून चाटून जीभ झिजवेल, पण पट्टी सुटायची ती मी सोडेन तेव्हाच. नगर रस्त्याला, खराडीजवळ, जनावरांचा एक खाजगी दवाखाना होता. तिथे मी अकरा वर्षं जखमा धुतल्या. म्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरं, पोपट, आणि एकदा मदाऱ्याचं माकड, ज्याने मला चावल्यावर स्वतःच आधी आरडाओरडा केला.

मी तिथे लागले तेव्हा दवाखान्याच्या एका अंगाला ज्वारी उभी होती आणि दुसऱ्या अंगाला काचेची इमारत उठत होती. दोन-तीन वर्षांत ज्वारी गेली आणि तिकडेही काच आली. सकाळी म्हशीवाले यायचे आणि संध्याकाळी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली मुलंमुली लॅब्रेडॉर घेऊन. म्हशीवाले म्हशीला तोंड भरून शिव्या द्यायचे आणि तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की स्वतः हळवे व्हायचे. कार्डवाले कुत्र्याशी फक्त इंग्रजीत बोलायचे आणि मी सुई काढली की आपणच घेरी येऊन बाकावर बसायचे. मला दोघेही आवडत. जनावर घेऊन आलेला माणूस खोटं फार वेळ बोलू शकत नाही.

डॉक्टर नारायण पेठेतले. रोज स्कूटरवरून पेठेतून खराडीला यायचे आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा राग दहा वाजेपर्यंत आमच्यावर काढायचे. कौतुक करायची त्यांची एकच पद्धत होती, ती म्हणजे गप्प बसायचं. शिकवलं मात्र त्यांनी हात धरून. मी बारावी सायन्स झालेली, नर्सिंगला नंबर न लागलेली मुलगी. जखम आतून भरत येते, वरून नाही, ही पहिली गोष्ट मला त्यांनी सांगितली. 'वरून झाकली म्हणजे बरी झाली असं समजू नका,' ते म्हणाले, 'तसं असतं तर महापालिकेचे रस्ते बरे झाले असते.'

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा आई खूश झाली आणि वडील जेवता जेवता थांबले. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला माणूस. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दुधाची पिशवी आणायलासुद्धा खाली उतरायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, वाघोलीच्या पुढच्या एका खेड्यात अर्धं आयुष्य गावातली मेलेली जनावरं ओढली होती. आमच्या जातीच्या गळ्यात गावाने बांधलेलं काम होतं ते. जनावर मेलं की बोलावणं यायचं, आणि ज्याने गाव स्वच्छ केलं त्यालाच विहिरीच्या पायऱ्या उतरायची बंदी. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्या दिवसापासून पुन्हा त्या दोराला हात लावला नाही. गावाने त्याबद्दल जे जे करायचं ते सगळं केलं, पण हात लावला नाही तो नाहीच. आण्णांना शाळेत घातलं आणि पुण्याला धाडलं.

'तुझ्या आजोबांनी आम्हाला त्यातून बाहेर काढलं,' आण्णा म्हणाले, 'आणि तू आपल्या पायांनी परत घाणीत चाललीस.'

'आण्णा, ती मेलेली जनावरं होती. ही जिवंत आहेत.'

'घाण ती घाण,' ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

अडवलं त्यांनी नाही. मुलीने कमवावं हे त्यांना पटलेलं होतं, फक्त काय करून कमवावं याबद्दल त्यांचा शेरा प्रतिकूल होता. पहिल्या चार वर्षांत ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत. विहारात कोणी विचारलं तर 'दवाखान्यात असते' एवढंच सांगायचे. मला याचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा यावं, माझ्या टेबलाशी उभं राहावं आणि माझं काम घाण करायचं नसून घाण घालवायचं आहे हे डोळ्यांनी पाहावं, एवढंच हवं होतं. आजोबांनी जे सोडलं ते मी धरलेलं नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणून मी स्वच्छतेच्या मागे हात धुऊन लागले. फरशी दिवसातून तीनदा पुसून घ्यायची. कात्र्या-चिमटे प्रेशर कुकरमध्ये उकडायचे, आणि त्या कुकरमध्ये कोणी चुकून बटाटे लावायची भाषा केली तर त्याचं नाव टाकायचं. आणि सगळ्यांत वर माझी बरणी.

बरणी स्टीलची होती, झाकणाची, पाच किलो साखर राहील एवढी. तिच्यात कापसाचे बोळे जंतुनाशकात भिजत घातलेले असत. ते औषध मुळात पिवळं, पण पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं व्हायचं. जखम पुसायची ती या बोळ्यांनी. दवाखान्यातली सर्वांत शुद्ध वस्तू म्हणजे ही बरणी, असं माझं मत होतं, आणि माझं मत म्हणजे दवाखान्याचं मत. तिला बाहेरून मी रोज चिंचेने घासायचे. इतरांनी बोटं घालू नयेत म्हणून रात्री कपाटात कुलूपबंद करायचे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. बोळे कमी झाले की वरून नवे टाकायचे, औषध खाली गेलं की वरून नवं ओतायचं. ती कधी रिकामी होऊ दिली नाही याचा मला अभिमान होता. घरात तांदळाचा डबा रिकामा होऊ देत नाहीत, तसंच मला ते वाटायचं.

मग एका पावसाळ्यात जखमा चिघळायला लागल्या.

सुरुवातीला एखाददुसरी. मग टाके घातलेलं जवळजवळ प्रत्येक जनावर आठवड्याने परत यायचं, टाक्यांच्या कडा ओल्या, पट्टीवर हिरवट डाग आणि एक गोडसर वास. द्राक्षाची पेटी विसरून राहिली की येतो तसला. कारणं सांगायला पुण्यात माणसांची कधी वाण पडलेली नाही. म्हशीवाले म्हणाले, हवा दमट हाय. एक आजी म्हणाल्या, कुत्र्याला भात घालता ना, भाताने पू होतो, वांगं तर अजिबात देऊ नका. कार्डवाली एक मुलगी म्हणाली, 'सिस्टर, आय थिंक इट्स अ डाएट इश्यू, मी गूगल केलं.' डॉक्टरांनी तीनदा इंजेक्शनं बदलली. मी फरशी तीनदाऐवजी पाचदा पुसायला लावली आणि बरणीत औषध थोडं जास्त घट्ट ओतायला लागले. प्रत्येक चिघळलेल्या जखमेवर मी आणखी दोन बोळे जास्त वापरत होते.

त्याच दिवसांत ते कुत्रं आलं. गावठी, पिवळं, उंच, डोळ्यांत माणसासारखा संशय. बांधकामावरच्या डंपरखाली मागचा पाय येऊन घोट्यापासून वर कातडी सोलून निघालेली. हाड शाबूत होतं, हे नशीब. मालक सत्तरीचे, पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि नवी कोरी जीप. इमारती उभ्या होत्या त्यांच्याखालची बरीचशी जमीन एके काळी त्यांची. ऊस गेला, विहीर बुजली, गोठ्याच्या जागी बंगला झाला. शेतावरचं म्हणावं असं त्यांच्याकडे उरलं होतं ते हे एक कुत्रं. दुसऱ्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. 'हां,' ते म्हणाले. तो 'हां' मला चांगला ओळखीचा आहे. त्यानंतर ते माझ्याशी तुटक, पण सरळ वागत राहिले.

दहा दिवस रोज मी त्या पायाची पट्टी केली. जखम भरायचं सोडून पसरत होती. डॉक्टरांनी मालकांना बाहेर बसवून सांगितलं, 'आणखी आठ दिवस पाहू. फरक नाही पडला तर पाय काढावा लागेल.'

'पाय काढल्यावं ते जगंल?' मालकांनी विचारलं.

'जगेल.'

'ते जगंल. पर मला त्येच्याकडं बघवायचं न्हाय,' ते म्हणाले आणि जीपकडे जाता जाता टोपी काढून पुन्हा घातली.

नेमकं त्याच वेळी औरंगाबादला मावसबहिणीचं लग्न होतं. तीन दिवस रजा घेतली, गेले, नाचले, परत आले. आल्या आल्या डॉक्टरांनी स्वागत केलं, 'या. बरणी कुलपात ठेवून किल्ली लग्नाला नेलीत. पुढच्या वेळी वरातीत बरणीही न्या, शोभेल.' किल्ली खरंच माझ्या पर्समध्ये राहिली होती. मी ओशाळून विचारलं, मग पट्ट्या कशा केल्या? 'मीठ घालून पाणी उकळलं, कुकरमध्ये कापड उकडलं, आणि केल्या. आमच्या आज्या करायच्या तशा.'

मी पिवळ्याची, म्हणजे त्या कुत्र्याची, पट्टी सोडली. तीन दिवसांत जखमेचा रंग पालटला होता. हिरवट थर गेलेला, कडांना डाळिंबाच्या दाण्यासारखं ताजं मांस. वास जवळजवळ नाही. मला एवढा आनंद झाला की मी कपाट उघडलं, माझी बरणी काढली आणि आनंदाने भरपूर बोळे वापरून ती जखम पुसली.

दोन दिवसांनी हिरवा डाग परत आला.

मी तो डाग पाहिला आणि मनातल्या मनात दिवस मोजले. मी नसते तेव्हा जखम सुधारते. मी आले की बिघडते. हे वाक्य मी दिवसभर डोक्यातून हाकलत होते आणि ते दिवसभर परत येत होतं. दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर मी बेसिनपाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बरणी पूर्ण उपडी केली.

वरचे बोळे पांढरेशुभ्र. मधले पिवळसर. तळाशी एक बुळबुळीत थर, शेवाळासारखा, हिरवट, आणि तो गोडसर वास. मी ताक-दह्याच्या घरातली बाई आहे, मला लगेच कळलं मी काय करत होते ते. रोज नवं दूध ओतून मी जुनं विरजण जिवंत ठेवत होते. ज्या औषधाने जंतू मरायचे त्याच औषधात ते पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले होते, आणि मी त्यांना बोळ्यांवर बसवून घरोघरी पाठवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा मीच रोज चिंचेने घासत होते.

बरणी तशीच ठेवली, फेकून दिली नाही. फेकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. नवी भरली असती, जखमा बऱ्या झाल्या असत्या, आणि बहुधा पुन्हा माझंच कौतुक झालं असतं. खोटं कशाला सांगू, हा विचार माझ्या मनात दोन-तीनदा येऊन गेला.

संध्याकाळी घरी गेले. आण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. मी चहासुद्धा न घेता समोर बसले आणि सगळं सांगितलं. बरणी, तळ, कुत्र्याचा पाय, सगळं. मनात तयारी होती की आता ते म्हणणार, मी सांगितलं होतं ना, घाणच ती. मग मी रडणार, आणि कदाचित नोकरीही सोडणार.

आण्णांनी पेपरची घडी घातली. 'ही चूक तुझ्या लक्षात कोणी आणून दिली?'

'कोणी नाही. मीच पाहिलं.'

'तू नसतं सांगितलंस तर कळलं असतं?'

'नाही.'

'मग उद्या गेल्या गेल्या पहिलं काम ते. डॉक्टरांना सांगायचं, आणि त्या कुत्र्याच्या मालकालाही सांगायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.' मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, 'पण औषधात जंतू जगतात कसे?'

चार वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी चहा ठेवला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत आम्ही जंतूंवरच बोलत बसलो. आई म्हणाली, जेवताना तरी पू काढू नका.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बरणीत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे कौतुक नव्हतं, एवढं मला समजत होतं. मग म्हणाले, 'भरत तुम्ही होतात. बोळा उचलत मीही होतो. शिकलेला माणूस या खोलीत मी आहे.' त्यांनी बरणीतला आणि पायावरचा नमुना तपासायला पाठवला. दोन्हीकडे एकच जंतू निघाला. 'कुंपणानेच शेत खाल्लं,' डॉक्टर म्हणाले, आणि रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

मालकांना मी स्वतः सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. 'म्हंजी औषिदानंच नासवलं?' 'माझ्या बरणीतल्या औषधाने,' मी म्हटलं. 'चूक माझी आहे.' 'आन् पाय गेला तर?' मालक कुत्रं उचलून नेतील असं वाटलं, पण कुत्रं माझ्या हातावर हनुवटी टेकून पडलं होतं. 'त्येला अजून तुझाच इस्वास हाय,' ते कडवटपणे म्हणाले, 'त्ये जनावर हाय म्हनून.' आणि ठेवून गेले.

त्या दिवसापासून मी दवाखाना उलटापालटा केला. मोठी बरणी बाद. छोट्या वाट्या, प्रत्येक जनावराची वेगळी, काम झालं की रिकामी आणि कुकरमध्ये. आधी स्वच्छ जखमा, मग चिघळलेल्या; उलटं कधीच नाही. पिवळ्याला मागच्या खोलीत एकटं ठेवलं, कारण त्याच्या पायावरचा जंतू इतरांकडे जायला नको. त्या खोलीच्या दारात मी जमिनीवर तांबड्या रंगाची रेघ मारली. रेघेच्या आत एका वेळी एकच बाहेरचा माणूस, चपला काढून, कोपरापर्यंत हात धुऊन. जखम मिठाच्या उकळलेल्या पाण्याने धुवायची, वर डॉक्टर सांगतील ते, आणि कोरडी पट्टी. पहिले चार दिवस मी जीव मुठीत धरून पट्टी सोडत होते. पाचव्या दिवशी कडा आत सरकू लागल्या. सातव्या दिवशी डॉक्टर जखम पाहून गप्प बसले, आणि या वेळी ते कौतुक होतं.

घरी मी आण्णांना रोजचा वृत्तांत द्यायचे. एके दिवशी त्यांनी कार्डशीट आणून, टाक धरून, सुवाच्य अक्षरात नियम लिहून काढले. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, जंतुनाशकाचे भांडे दररोज पूर्णतः रिकामे करण्यात यावे. वरून भर घालण्यात येऊ नये.' असे अकरा नियम. खाली सहीची जागासुद्धा सोडली होती. मी म्हटलं, मी लावते नेऊन. ते म्हणाले, 'तू वाकडी लावशील. मी येतो.'

आणि आले. शनिवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट, हातात गुंडाळी. मी तेव्हा मागच्या खोलीत पिवळ्याची पट्टी सोडून, हातमोजे घालून जखम धुवायला घेतली होती. डॉक्टर आत मांजरीच्या ऑपरेशनमध्ये. आण्णा रेघेबाहेर उभे राहून भिंत निरखत होते तेवढ्यात जीप थांबली आणि मालक ताडताड सरळ खोलीकडे आले.

'थांबा,' मी म्हटलं. 'रेघेच्या बाहेर.'

ते थांबले, पण रेघेवरच. 'कुत्रं माझं हाय.'

'हो. पण चपला काढा आणि हात धुवा. मग या.'

'माज्याच गावात मला अडवती?' आवाज चढला. बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. आण्णांनी गुंडाळी छातीशी घट्ट धरलेली मला दिसली. लहानपणापासून हे असे आवाज त्यांनी ऐकले होते, आणि ते आवाज कोणाला उद्देशून असत हेही त्यांना ठाऊक होतं. पण जखम माझ्यासमोर उघडी होती, आणि तो पाय मी वाचवला होता.

'नियम सगळ्यांना सारखा आहे,' मी म्हटलं. 'डॉक्टरांनासुद्धा. तुमचे हात धुतलेले नसतील तर हा पाय परत नासेल. एकदा माझ्यामुळे नासला, दुसऱ्यांदा नासू देणार नाही.'

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग पिवळ्याकडे. मग वाकून चपला काढल्या.

त्या दिवशी टाकी धुवायला काढली होती, नळ कोरडा. रेघेबाहेर बादलीत पाणी, तांब्या आणि साबण ठेवला होता. मालकांनी दोन्ही हात पुढे धरले आणि कोणी पाणी घालेल म्हणून सवयीने इकडे तिकडे पाहिलं. ड्रायव्हर जीप लावायला गेलेला, माझे हात अडकलेले. आण्णांनी कार्डशीट बाकावर ठेवलं, तांब्या उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

'हे माझे वडील,' मी म्हटलं. मालकांनी वर पाहिलं. माझं आडनाव त्यांना पाठ होतं. त्यांच्या वडिलांनी असं पाणी घेतलं नसतं, हे तिथे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी हात मागे घेतले नाहीत. मी सांगत होते, बोटांच्या फटीतून, मागच्या बाजूने, कोपरापर्यंत, अजून, आणि ते करत होते.

मग आण्णांनी चपला काढल्या. 'मलाही पाहायचंय,' ते मला म्हणाले, आणि हात पुढे धरून उभे राहिले. आता तांब्या धरायला कोणी नव्हतं. मालकांचे हात स्वच्छ, निथळत होते. ते क्षणभर थांबले, मग वाकून त्यांनी तांब्या उचलला आणि आण्णांच्या हातांवर पाणी ओतलं.

'तुम्हाला आता परत धुवावे लागतील,' मी म्हटलं. नियम तो नियम.

'ऱ्हाऊ दे,' ते म्हणाले. 'एका टायमाला एकच मानूस म्हनलीस ना? त्यांना जाऊ दे. म्या हितून बघतो.' आणि तांब्या खाली ठेवून ते रेघेबाहेरच उभे राहिले.

आण्णा आत आले. ओले हात छातीपाशी वर धरून, मी सांगितलं होतं तसे. टेबलाशी थांबले. पिवळ्याने त्यांचा वास घेतला आणि सोडून दिलं. आण्णा वाकले आणि फाईल तपासतात तसे वरपासून खालपर्यंत पाहत गेले. ताजं मांस, आत सरकलेली कड, कडेने उगवलेली नवी गुलाबी कातडी.

'कशी हाय?' मालकांनी बाहेरून विचारलं.

आण्णांनी नाक जवळ नेलं. मग सरळ झाले आणि बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'वास नाही. पू नाही. पाय राहतोय तुमच्या कुत्र्याचा.' आणि मग, थोडं थांबून, 'ही माझी मुलगी. हे तिचं काम आहे. तिच्या आजोबांना दाखवायला पाहिजे होतं.'

माझे डोळे भरून आले आणि वाहायला लागले. हातात स्वच्छ हातमोजे, समोर उघडी जखम. डोळे पुसता येईनात. मी मान बाजूला वळवली, म्हणजे जखमेवर काही पडणार नाही, आणि तशीच रडत रडत पट्टी बांधली.